जबड्याचा कौल

"हिचं डोकं कुठाय?" खामफानने ताटातली कोंबडी उलटी केली. दुसऱ्या बाजूलाही नव्हतं.

"बाजारात अशीच मिळते, काका," सरपंच प्रयून म्हणाला. "साफ करून."

"मग पू-ता बोलणार कशातून? तंगडीतून?"

पू-ता हा गावाचा राखणदार. तो झाडीत राहतो आणि पेरणीआधी उकडलेल्या कोंबडीच्या जबड्यातून कौल देतो. हाडाची दोन टोकं सरळ निघाली तर पाऊस बरा, प्रवास सुखाचा. वाकडी निघाली तर घर सोडू नये. अठ्ठावीस वर्षं हा कौल खामफान काढत आला होता. यंदा बेचाळीस घरांपैकी एक्केचाळीस घरांनी डोकं नसलेला नैवेद्य आणला. एका घराने तर तळलेले बोनलेस तुकडे आणले होते, सॉससकट.

बेचाळिसावं घर खामफानचं. त्याच्या कोंबड्याला डोकं होतं. उत्तरही त्यालाच हवं होतं. लेक लामदुआन दुपारच्या गाडीने विमानतळावर आणि तिथून कोरियाला जाणार होती, काकडीच्या शेडमध्ये कामाला, परवान्याशिवाय.

त्याने जबडा ओढून काढला, पुसला. दोन्ही टोकं आत वळून एकमेकांत अडकली होती. असा जबडा त्याने एकदाच पाहिला होता, बायको पुरात गेली त्या वर्षी.

झाडीतली किड्यांची किरकिर एकदम थांबली. कोणाचा तरी फोन तेवढा वाजत राहिला.

"नाही म्हणतोय," खामफान म्हणाला.

प्रयूनने हाड निरखलं. "एक्केचाळीस तटस्थ, एक विरोधात. ठराव मंजूर."

लोक हसले. खामफानही हसला असता, पण हाड त्याच्या हातात होतं.

"मागच्या वर्षी पाऊस बरा म्हणाला होता तो," लामदुआन म्हणाली. "भात जळालं, बा."

"पाऊस पडणार म्हणाला होता. कुठे, ते नव्हता म्हणाला."

"झालं! मग त्यालाच सांग, चल माझ्यासोबत."

"तो झाडीबाहेर जात नाही."

"मग कोरियातलं त्याला काय कळतं?"

खामफानने हाड पुन्हा पुसून पाहिलं. त्यावर कोरियाचं काही नव्हतं.

दुपारी गाडी आली. लामदुआनने घराच्या पायरीवर बसून मनगट पुढे केलं. घर सोडणाऱ्याचा जीव अंगातच राहावा म्हणून पांढरा दोरा बांधतात. एक गाठ पुरते. खामफानने एक मारली. मग दुसरी. मग तिसरी.

"बा, पुरे की."

"हलू नको."

ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला. दोऱ्याला आता टोकच उरलं नव्हतं. तरी खामफानची बोटं गाठ मारतच होती.