बसणुकीचं जेवण

पेठ तालुक्याच्या वरच्या अंगाला, जिथं मोबाइलला रेंज येत नाही पण शेजारचं भांडण स्वच्छ ऐकू येतं, त्या पाड्यावर एक जुनी रीत होती. कुणी बायकोवर हात टाकला की दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पाड्यातल्या म्हाताऱ्या त्याच्या अंगणात येऊन बसायच्या. शिव्या नाहीत, उपदेश नाही. सगळ्यांत थोरली बाई एकदाच म्हणायची, "भूक लागली." बास. मग त्या गड्यानं स्वतः चूल पेटवायची, नागलीच्या भाकऱ्या थापायच्या आणि एकेकीला हातानं वाढायच्या. भाकरी बहुधा गुजरातच्या नकाशासारखी व्हायची. पीठ हमखास कमी पडायचं, कारण म्हाताऱ्या त्या दिवशी खास भूक घेऊन आलेल्या असायच्या. मग त्यानं दारोदार पीठ मागायचं आणि कशाला हवंय तेही तोंडानं सांगायचं. "बायकोला मारलं, पीठ द्या." असं म्हणत पाडाभर फिरून आलेल्या गड्याला पुढच्या वेळी हात उचलायच्या आधी पिठाचा डबा आठवायचा.

ह्याला बसणूक म्हणत. सगळ्यांवर चालायची असं नाही, पण चालायची.

हर्षाली ह्याच पाड्याची. शिकली, नाशिकला एका संस्थेत लागली आणि बराच काळ मीटिंगमध्ये प्रोजेक्टरची वायर धरून बसण्याचं काम करत राहिली. एकदा मुंबईच्या एका कंपनीच्या बाई आल्या. त्यांना हिंसाप्रतिबंधासाठी निधी द्यायचा होता, पण उपाय आदिवासींच्या मातीतलाच हवा होता. सगळे मातीकडे बघू लागले. हर्षालीनं वायर खाली ठेवली आणि बसणूक सांगितली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पाणी आलं म्हणजे निधी आला, हे संस्थेतल्या शिपायालाही ठाऊक होतं.

आता बसणूक संस्थेनं लावायची असं ठरलं. पहिली कुणाच्या अंगणात, ह्यावर फार चर्चा करावी लागली नाही. ती सोय गोटीरामनं केली.

गोटीराम पिकअप चालवायचा, द्राक्षाच्या बागांवर मजूर पोचवायचा. त्याची बायको जयवंती ही हर्षालीची मावसबहीण. दोघी एका पांघरुणात वाढलेल्या. रविवारी त्यानं जयवंतीला दारातल्या खांबावर आपटलं. ती रेंजसाठी टेकडीवर चढली, एका हातानं, कारण दुसरा खांद्यातून उतरला होता.

"हर्षे, बसणूक लाव. लवकर लाव. आता तो हात राखून मारत नाय, जीव घ्यायला मारतो."

हर्षाली धावत महेश सरांकडे गेली. महेश सर कार्यक्रम व्यवस्थापक, आणि माणूस मनानं खरंच चांगला. रस्त्यावरच्या कुत्र्यालाही 'अहो' म्हणणारा.

"गुरुवारी लावू," सर म्हणाले. "कंपनीची माणसं गुरुवारीच मोकळी आहेत."

"सर, ती दुसऱ्या दिवशीच असते."

"मान्य. पण चार दिवसांत संस्कृती शिळी होते का, हर्षाली?"

हर्षालीनं गुरुवार लिहून घेतला. तिला मात्र एक सुधारणा सुचली, आणि ती तिची स्वतःची होती, सरांची नव्हे. म्हाताऱ्या ऊन डोक्यावर येईपर्यंत उपाशी बसतात, सगळ्यांत थोरल्या ठमाआजीला तर शुगर आहे. त्यांच्यासाठी मांडव घालू, खुर्च्या ठेवू, जेवणाची पाकिटं नेऊ. लहानपणी बसणुकीहून आलेल्या आपल्या आजीचं डोकं तिनंच दाबून दिलं होतं. सरांना गहिवरून आलं. "हेच," ते म्हणाले, "हेच आम्हाला सुचत नाही."

गुरुवारी गोटीरामच्या अंगणात मांडव उभा राहिला. फलकावर गोटीरामच्याच घराचा फोटो होता, घरापेक्षा मोठा. गोटीराम आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत. त्याला वाटलं होतं अंगणात म्हाताऱ्या येतील. आल्या त्या गाड्या, आणि कुणीतरी त्याला गुलाबाचं फूल दिलं. म्हाताऱ्या खुर्च्यांवर बसल्या. त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते, त्यामुळं त्या रागावल्यात की झोके घेतायत ते कळेना.

ठमाआजीनं पाहुण्यांवरून नजर फिरवली, मग गोटीरामवर रोखली आणि म्हणाली, "भूक लागली."

गोटीरामनं मान खाली घातली. तो अर्धवट उठलासुद्धा.

तेवढ्यात संस्थेची दोन पोरं धावत आली आणि आजीच्या मांडीवर पाकीट ठेवलं. पुरी, बटाट्याची भाजी, बुंदीचा लाडू. मग सगळ्यांना. मग गोटीरामला. तो परत खाली बसला आणि जेवला. कंपनीच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या.

जयवंती दारात उभी होती, हात गळ्यात बांधून. हर्षाली तिच्यासाठी पाकीट घेऊन गेली.

"हर्षे," ती हळूच म्हणाली, "चूल पेटलीच नाय."

"अगं, जेवण आलंय ना नाशिकवरनं."

"ते दिसलं. त्याला चुलीचं भ्या होतं गं. आता काय राह्यलं?"

"आता एवढी मोठी माणसं तुझ्या पाठीशी आहेत."

जयवंतीनं एवढ्या मोठ्या माणसांकडं पाहिलं. ती सगळी गाड्यांकडं निघाली होती, घाटात धुकं पडायच्या आत.

जाण्याआधी महेश सरांनी गोटीरामला सन्मानचिन्ह दिलं. पुरुष सहभागाबद्दल. पितळी, लाकडी बैठकीचं, चांगलं जड. सर स्वस्तातली वस्तू कधी घेत नसत.

शनिवारी गोटीराम पिऊन आला. पाड्यातली पोरं त्याला 'सन्माननीय' म्हणून चिडवत होती म्हणे. तो चिडला, आणि हाताशी जे होतं ते त्यानं उचललं. सन्मानचिन्हाचा कोपरा जयवंतीच्या डाव्या डोळ्यात गेला.

नाशिकला सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टरांनी हर्षालीला बाजूला घेतलं. जीव वाचेल, डोळा नाही. गोटीरामला पोलिसांनी उचललं होतं. पुरावा म्हणून सन्मानचिन्हही नेलं होतं. त्यावर संस्थेचं नाव ठसठशीत कोरलेलं होतं.

ठमाआजी भिंतीला टेकून बसली होती.

"आजी, माझं चुकलं."

"आमचं काय मग?" आजी म्हणाली. "भूक लागली मी म्हणले अन् समोर आलं ते खाल्लं. लाडू गोड होता. मी दुसरा मागून घेतला पोरी. माझ्या आयुष्यात मी बसणुकीतून असं पोट भरून कधी उठले नव्हते." तिनं पदरानं तोंड पुसलं. "उठायलाच नको होतं."

सोमवारी सकाळी महेश सर ऑफिसवर आले तेव्हा गंगापूर रोडच्या त्या बंगल्याच्या पार्किंगमध्ये, त्यांच्या गाडीच्या जागेवर, म्हाताऱ्या बसल्या होत्या. पहाटेच्या एसटीनं आलेल्या. खुर्च्या आतून बाहेर आणल्या गेल्या, पण कुणी बसलं नाही.

"भूक लागली," ठमाआजी म्हणाली.

सरांनी लगेच फोन काढला. अर्ध्या तासात थाळ्या आल्या, पनीर वेगळं. कुणी हात लावला नाही. मग सर फळं घेऊन आले. मग डोळ्यांत पाणी घेऊन आले. म्हाताऱ्या त्यांच्याकडं बघत राहिल्या. पाण्याचा आता कुणालाच उपयोग नव्हता.

"हर्षाली, ह्यांना नेमकं काय हवंय? गोटीराम तर आत आहे. इथं कशाला?"

"मार जिथून आला, त्या अंगणात बसतात, सर."

सरांनी न उघडलेल्या थाळ्यांकडं पाहिलं. मग बारीक आवाजात म्हणाले, "मला भाकरी येत नाही."

"कुणालाच येत नसते."

ऑफिसच्या पँट्रीत गॅस होता, तवा मिळाला, पीठ नव्हतं. हर्षालीनं पातेलं उचललं आणि समोरच्या इमारतीचा जिना चढली. मागून सर आले, रिकाम्या हातांचं काय करावं ते न कळून दोन्ही हात जोडून. पहिली बेल त्यांनी वाजवली.

"नमस्कार," दार उघडताच ते म्हणाले, "आमची संस्था आदिवासी भागात परंपराधारित..."

"आम्ही वर्गणी देत नाही," आतून आवाज आला. दार बंद.

दुसऱ्या दारात एक बाई उभी राहिली, ओल्या केसांना पंचा गुंडाळलेली. हर्षालीनं पातेलं पुढं केलं. पाड्यावर हे वाक्य गडी कसे म्हणत असतील, ह्याचा तिनं कधी विचार केला नव्हता.

"माझ्या बहिणीचा डोळा गेला," ती म्हणाली. "नवऱ्यानं मारलं. त्याला थांबवायची एक रीत होती, ती मी मोडली. नागलीचं पीठ द्या."

बाईनं तिच्याकडं पाहिलं, मग सरांकडं.

"आणि हे?"

सरांचे जोडलेले हात सुटले.

"मीपण," ते म्हणाले. "मीपण मोडली. पीठ द्या."

बाई आत गेली. तिनं दार लोटलं नव्हतं. आत डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला.

"नागली नाहीये," ती आतून म्हणाली. "ज्वारी चालेल का?"

हर्षालीला माहीत नव्हतं. खाली अंगणात जाऊन ते विचारावं लागणार होतं, आणि एकदा 'भूक लागली' म्हणून झाल्यावर तिथं आता कुणी बोलणार नव्हतं.