सात तास पुढचे घड्याळ

मी एक जुने घड्याळ आहे, मित्रांनो, आणि माझ्या तीस वर्षांच्या आयुष्यात मी बहुतेक वेळ चुकीची वेळ दाखवली आहे. पण आज मला जी गोष्ट सांगायची आहे, ती सांगताना माझा सेकंदकाटासुद्धा उड्या मारतो आहे!

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लाल प्लास्टिकची कड, पांढरा चेहरा, ठसठशीत काळे आकडे. दूर पूर्वेच्या एका बेटावरच्या इलोइलो गावातल्या एका हार्डवेअरच्या दुकानाने नाताळात मला फेलिसिमो यांना भेट दिले. ते बंदरावर साखरेची पोती मोजणारे कारकून होते. दिवसभर आकडे लिहायचे, म्हणून त्यांचा आकडा कधी कुणाला चुकीचा वाचता यायचा नाही. शून्य काढले की ते त्याच्या पोटातून एक तिरकी रेघ ओढत. कुणी त्याचा सहा करू नये म्हणून.

पुढे ते बायको ओफेलिया आणि मुलगी रोवेना यांना घेऊन कॅनडात, विनिपेगला आले. पेटीत स्वेटरांच्या मध्ये मीही होतो. नव्या स्वयंपाकघरात मला टांगले, पण माझे काटे फेलिसिमोंनी हलवू दिले नाहीत.

"इथली वेळ विजेच्या चुलीवरसुद्धा दिसते. हे घड्याळ इलोइलोचं. माझी बहीण जागी आहे का झोपली, ते फोन करायच्या आधी मला कळायला नको?"

मग रोवेना मोठी झाली. ती दात बनवू लागली. हसू नका, खरेच! संगणकाच्या पडद्यावर ती दाढांचे उंचवटे, सुळ्यांची टोके घडवते आणि डेन्मार्कमधल्या एका प्रयोगशाळेला पाठवते. तिथे यंत्र त्यांना कोरते. त्या कामासाठी एके दिवशी तिने मला डेन्मार्कच्या वेळेवर लावले. पहाटे पाचला ती कॉफी घेऊन बसे, तेव्हा माझ्यात दुपारचे बारा वाजलेले असत. सहा वर्षे आम्ही दोघे असे सात तास पुढे जगलो. ती तारीखही डेन्मार्कच्या लोकांसारखी लिहू लागली. आधी दिवस, मग महिना.

तातयना, म्हणजे तिच्या वडिलांना, हे मुळीच आवडत नसे. ते जन्मभर महिना आधी लिहीत आले होते.

गेल्या वर्षीच्या वसंतात त्यांची छाती फार बिघडली. नाकात प्राणवायूची नळी असायची. एका सकाळी ते माझ्याखाली येऊन बसले आणि म्हणाले, "अगं, चर्चमध्ये ऐकलं. स्वतःचा धंदा करणाऱ्यांना बाळंतपणाच्या रजेचा भत्ता आपोआप मिळत नाही. आधी नाव नोंदवावं लागतं. नोंदव."

"तातय, मला मूल कुठं आहे अजून?"

"म्हणूनच आज. नोंदवल्यावर बारा महिने थांबावं लागतं. पोट दिसायला लागल्यावर धावाधाव करून काय उपयोग?"

"आणि काम डेन्मार्कचं करते मी. कॅनडा मला कशाला देईल?"

"दात डेन्मार्कचे असतील. पोट इथलंच ना?"

ओफेलियाबाई, रोवेनाच्या नानाय, म्हणजे आई, भाताचे पातेले तसेच सोडून हसत सुटल्या. रोवेनाने हसत हसतच अर्ज भरला आणि कामाला पळाली. उत्तराचा कागद आला, तेव्हा तातयनी मला खाली उतरवले, माझ्या पाठीवर चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि पेनाने लिहिले: "नोंदणी 04/06". मग त्यांनी मला पुन्हा टांगले आणि थोडा वेळ माझ्याकडे बघत बसले.

मे महिन्याच्या बारा तारखेला ते गेले.

त्यानंतर घरात कुणी माझ्याकडे नीट पाहिले नाही. माझ्या काचेवर धूळ बसली, पण मी तक्रार केली नाही. त्या घराला तेव्हा वेळ विचारायची नव्हती. तो कागदही त्या दिवसांत कुठेतरी गेला.

आणि मग रोवेनाला दिवस राहिले! बाळ एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात येणार होते. डिसेंबरात भिंत रंगवताना तिने मला उतरवले, पाठीवरची पट्टी आपणच लिहिलेली समजून घाईत वाचली आणि खुर्चीवर बसून राहिली.

"चार जून," ती नवऱ्याला, आर्नेलला, म्हणाली. "बारा महिने चार जूनला पुरे होणार. बाळ तर एप्रिलमध्ये."

"मधले सहा आठवडे?"

"मधले सहा आठवडे मी दात करणार. दुसरं काय? दोन आठवड्यांनी बसेन परत. तुझी नोकरी नवी, तुला रजा कुठली?"

मित्रांनो, काय सांगू! मला खरी तारीख ठाऊक होती. ती माझ्याच पाठीवर होती. मी टिक टिक करून किती ओरडलो! पण घड्याळाची टिकटिक कुणी भाषा म्हणून ऐकत नाही. मधल्या खोलीत पाळणा लागला आणि त्याच्याशेजारी संगणकाचे टेबलही सरकवले गेले. एका हाताने पाळणा, एका हाताने दाढ. ते दोन्ही शेजारी बघून माझा तासकाटा जड व्हायचा.

आठ एप्रिलच्या सकाळी मी थांबलो. मुद्दाम थांबलो असे मी म्हणणार नाही, सेल संपला होता.

"वेंग, तू त्या स्टुलावर चढलीस तर मीच तुला जन्माला घालीन परत," नानाय रोवेनावर ओरडल्या. लाडाने त्या तिला वेंग म्हणतात. मग आर्नेलने मला उतरवले आणि त्यांच्या पिठाळ हातात दिले. त्यांनी मला उलटे केले आणि त्यांचे बोट पट्टीवर थबकले.

"हे तुझ्या बापाचं शून्य आहे."

"काय?"

"पोटात रेघ बघ. चाळीस वर्षं बघितलंय मी हे शून्य. हे तू नाही लिहिलंस."

रोवेनाने मला हातात घेतले. तिची बोटे गार होती. तिने अंगठा त्या रेघेवरून फिरवला.

"तातय महिना आधी लिहायचे," ती हळूच म्हणाली.

"आणि जूनमध्ये ते होते कुठं, अनाक?" नानाय म्हणाल्या. लेकराला त्या अशीच हाक मारतात. "जूनमध्ये कसे लिहितील?"

चार जून नव्हे. एप्रिल सहा!

आर्नेलने भत्त्याच्या सरकारी कार्यालयाला फोन फिरवला. पाऊण तास तेच ते संगीत वाजत राहिले. अखेर एक बाई बोलू लागल्या. रोवेनाने एका दमात सगळे सांगितले, आणि शेवटी भीत भीत म्हणाली, "पण माझा ग्राहक परदेशातला आहे."

"ग्राहक चंद्रावरचा असला तरी चालेल, बाई. तुम्ही इथे राहता, कायमच्या रहिवासी आहात, धंद्याची कमाई इथल्या करात दाखवलीत, ती पुरेशीही आहे. नोंदणी दिसतेय मला. सहा एप्रिल. बारा महिने परवाच पुरे झाले. काम थांबलं की अर्ज करा."

नानायनी पिठाच्या हातांनीच लेकीचा चेहरा धरला. आर्नेलने आधी टाळ्या वाजवल्या, मग टेबल उचलले आणि थेट तळघरात नेऊन ठेवले. रोवेना हसत होती, रडत होती, आणि मला पोटाशी धरून होती. आतून कुणीतरी माझ्या पाठीवर लाथ मारली. अगदी त्या पट्टीवर!

नवा सेल घातल्यावर तिने माझे काटे सात तास मागे फिरवले. मित्रांनो, ज्या स्वयंपाकघरात मी एवढी वर्षे लटकलो, त्याच स्वयंपाकघराची वेळ मी आता पहिल्यांदा दाखवतो आहे. बाळ दर दोन तासांनी दूध मागते, आणि त्याची आई आधी माझ्याकडे बघते.

जुन्या पट्टीखाली आता दुसरी पट्टी आहे. तिच्यावर रोवेनाने लिहिले आहे: "फेलिसा, एकोणीस एप्रिल." सगळे अक्षरांत.

तुम्हीही महिना अक्षरांत लिहा, एवढेच मागतो. आणि घरातले जुने घड्याळ पुसायला उतरवाल, तेव्हा ते एकदा उलटे करून बघा. जे तुमची काळजी करत गेले, त्यांनी तिथे काही लिहून ठेवलेले असेल. ते त्यांच्याच पद्धतीने वाचा.