सहाची घंटा

धनपाल मास्तरांना त्या वर्षी गावानं नवं नाव ठेवलं होतं : तुफान अण्णा.

दोष त्यांच्याच तोंडाचा. निपाणीजवळच्या त्या गावात आठवड्यातून एकदा बेळगावचं वर्तमानपत्र येई आणि बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, कट्ट्यावर बसून मास्तर ते वाचून दाखवत. साल १९२५. कुठं गलबतं बुडालेली, कुठं गारांनी गुरं मेलेली. मार्चात तर अमेरिकेत एकच वावटळ साडेतीन तास तीन प्रांत तुडवत गेली आणि सातशेच्या आसपास माणसं मेली. आभाळातून सोंड उतरावी तशी ती दिसते, हे मास्तरांनी दोनदा वाचून दाखवलं. त्यांनी वहीच घातली : गाव, तारीख, मेलेली माणसं.

मग चैत्रात एकदा आभाळ तांबूस झालं आणि त्यांनी वादळाची ओरड केली. वाळत घातलेला तंबाखू लोकांनी भर दुपारी आत ओढला. तंबाखूच्या पानाला हात लावायचा तो पहाटेच्या दवात. उन्हात हाताळलं की त्याचा चुरा. तसा चुरा झाला, आणि पावसाचा थेंबही पडला नाही. त्या दिवसापासून मास्तर मान खाली घालून चालत.

वैशाखात माळावर पंचकल्याण पूजेचा मंडप उभा राहिला. वासे, कापड आणि वर पत्रे. मास्तरांच्या गळ्यात एकच काम आलं, कारण खिशातलं घड्याळ त्यांच्याकडेच होतं. दिवस बुडायच्या आत जेवणं उरकायची, म्हणून सहाला घंटा द्यायची. घंटा झाली की हातातला घास खाली ठेवून, आचवून, सगळ्यांनी दगडी बस्तीत आरतीला जायचं.

शेवटच्या दिवशी पाच वाजता वारा पडला. मंडपावरचे झेंडे लोंबले. सूर्य ढगात गेला आणि घारी खाली उतरू लागल्या. मास्तरांनी पूर्वेला पाहिलं. काळ्या ढगाच्या पोटातून एक बारीक, तांबडी सोंड टेकडीवर लोंबत होती.

आत बायकांची पंगत नुकती बसली होती. तीनशे पानं. टोकाच्या पानावर राजमतीआक्का, मास्तरांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं होतं. काल तिचा निर्जळी उपवास होता, आज एकाशन. दिवसातून एकदाच बसायचं, आणि एकदा उठलं की संपलं. सकाळपासून चुलीपाशी राबून ती आत्ता कुठं पानावर टेकली होती.

भुजबली पाटील बुंदीची परात घेऊन निघाले होते. मास्तर आडवे आले. "पाटील, मंडप रिकामा करा. वावटळ येतीया."

"अमेरिकेची का?" पाटील थांबलेसुद्धा नाहीत. "तिकीट काढून आलीया का फुकट?"

पंगत खळखळून हसली.

"आवं, एकदा भाईर येऊन बघा तरी!"

"अण्णा, माझ्या निम्म्या तंबाखूचा चुरा केलासा तुम्ही. आता बायकांची पानंबी उठवतासा व्हय? लई वाचत जाऊ नका."

मास्तर बाहेर आले. घड्याळात पाच वीस. सोंड जाड झाली होती. की नुसती धूळच? चैत्रातही आपल्याला अशीच खात्री वाटली होती. आज चुकलं तर तीनशे बायका उपाशी, आणि आपण देवाच्या दारात खोटं बोललेलो. आक्काकडं कुठल्या तोंडानं बघायचं?

त्यांनी हातोडा उचलला आणि घंटा दिली.

बायकांच्या माना वर झाल्या. सूर्य ढगाआड, वेळेचा ताळा कशाशी घेणार? "आज लई लवकर झाली गं," कुणी तरी पुटपुटली, पण घास खाली गेले. आक्काचा पहिलाच घास ओठापाशी होता. तिनं मास्तरांकडं पाहिलं, घास पानावर ठेवला आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.

बस्तीत शेवटचं माणूस शिरलं आणि दार लावतात न लावतात तोच बाहेर शंभर बैलगाड्या दगडावरून जाव्यात तसा आवाज झाला. वाशांचे कडाकडा तुकडे पडले. पोरं रडू लागली. पाटील दाराला पाठ लावून णमोकार मंत्र म्हणत होते.

दार उघडलं तेव्हा मंडप नव्हता. पाटलांनी दोनदा माणसं मोजली. सगळी होती.

आणि मग पश्चिमेचा ढग फाटला. सूर्य चांगला दीड काठी वर होता, सहासुद्धा वाजलेले दिसत नव्हते.

"अण्णा," पाटील हळू म्हणाले, "घड्याळ किती?"

घड्याळ बंद पडलं होतं, असं म्हणता आलं असतं. मास्तर म्हणाले, "पावणेसहा. मी लबाड घंटा दिली."

पाटलांनी डोईचा पटका काढला आणि तो हातात घेऊन नुसते उभे राहिले. मास्तर आक्कापुढं गेले. "तुझं पान सुटलं, आक्का. ठाऊक असून वाजवली मी."

"मलाबी ठाऊक हुतं. खोटं बोलताना तुझा उजवा हात कापतोय, ल्हानपणापास्नं."

"मग उठलीस कशाला?"

पंगतीच्या टोकाला, तिच्या पानाच्या जागी, एक पत्रा हातभर जमिनीत रुतला होता. आक्का त्याच्याकडं बघत राहिली.

"तू उगाच खोटं बोलत न्हाईस. उद्या ऊन वर आल्यावर भात तू शिजव," ती म्हणाली. "आणि मऊ शिजव. मला दात न्हाईत."