घोड्याचा कान

बानाबाई कन्नडहून एसटीनं लेकाच्या घरी आली ती पदराच्या गाठीत खंडोबा बांधून. म्हणजे टाक, देव्हाऱ्यातला चांदीचा इवलासा पत्रा. दर सणाला चिंचेनं घासून घासून त्याच्यावरचा देव आणि घोडा पार सपाट झाले होते. आपल्यामागं शहरातल्या फ्लॅटात ह्याला कोण ओळखणार, सून भंगारात टाकायची, या धास्तीनं म्हातारीला चैन नव्हतं. टाक सराफ्यात देऊन उजळून घ्यायचा, म्हणजे देव-घोडा पुन्हा ठसठशीत उठवून घ्यायचे, आणि मगच तो सुनेच्या हवाली करायचा, असं तिनं ठरवलं होतं.

पण सुनेच्या, तनुजाच्या, टेबलावर बघते तर काय, घोडेस्वार आधीच हजर. हातात तलवार, अंगावर सोनंच सोनं, आणि वरच्या पातळ पाकिटावरून बोट फिरवलं तरी घोड्याची आयाळसुद्धा हाताला लागायची. इकडं कलतं केलं की घोडा निळा, तिकडं केलं की स्वाराच्या मागं उजेडाचं चक्र. बानाबाई लई वेळ तेच करत बसली. कुठल्या सोनारानं घडवला असंल हा? सुनेनं बोलून न दाखवता देव घडवला म्हणून तिचा ऊर भरून आला. मग गप बसेल तर ती बानाबाई कसली. त्यात रविवार, देवाचा वार. तिनं प्लॅस्टिकच्या पाकिटातून देव काढला, चिंचेचा कोळ लावला आणि अंगठ्यानं चांगला घासला.

सोनं अंगठ्याला आलं. खाली पांढरा पुठ्ठा निघाला.

तनुजा भाजी घेऊन आली तेव्हा सासू ओल्या हातानं तशीच उभी होती. "देव पुसला गं माझ्या हातानं."

तनुजानं बघितलं आणि हातातली पिशवी तिथंच सोडली. "आत्या, देव नाही तो. खेळातलं कार्ड आहे. मी जमवते ना, त्यातलं. कधीपासून शोधत होते हे." तिचे डोळे भरले.

बानाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण विचारल्याशिवाय राहवेना. "पुठ्ठ्याला सोनं लावत्यात? मग सोनार पुन्हा उजळून देत नाय व्हय?"

रडता रडता तनुजाला हसू फुटलं. "नाही हो. गेलं ते गेलं."

बानाबाईनं गाठ सोडून टाक तिच्या हातावर ठेवला. "ह्यो बी मीच घासून पुसलाय. खंडोबा हाय. ह्याला तरी उद्या उजळायला देऊ, म्हंजी तुला ओळखू यील."

तनुजा टाक घेऊन खिडकीपाशी गेली. कार्डं बघायची सवय तिची, तिनं तो हळूच कलता केला. एकदा इकडं, एकदा तिकडं. मग हात थांबला.

"आत्या, हा घोड्याचा कान ना?"

बानाबाई वाकली. तिरप्या उजेडात एक कान उभा राहिला होता आणि त्याच्याखाली लगामाची बारीक रेघ. इतक्या वर्षांत तिनं टाक कधी असा धरलाच नव्हता.

"नका देऊ उजळायला," तनुजा म्हणाली. "मला ओळखू आला."

"मग ठिव तुझ्याकडं," बानाबाई म्हणाली, आणि सराफ्याचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.