दुसरा तुकडा

सकाळपासून एकाही गिऱ्हाइकाने दुसरा तुकडा उचलला नव्हता, आणि मालसुन पुढे येणाऱ्या एकेका हाताकडे बघत होती.

नव्या वर्षाचा सण तोंडावर आलेला. बाजारात पाय ठेवायला जागा नाही. मालसुनचं दुकान युग्वाचं. चिकट तांदळाच्या वाळवलेल्या चकत्या तेलात सोडायच्या, त्या टम्म फुगल्या की पाकात बुडवून लाह्यांत घोळवायच्या, झाला युग्वा. सणाला पितरांपुढे तो मांडला नाही तर पितर जेवायचे नाहीत, आणि पितर उपाशी उठले तर जित्यांची काय गत! त्यामुळे या दिवसांत मालसुनला शिंकायलाही फुरसत नसे.

"आधी चव बघा, मग पैसे काढा!" तिने परात पुढे केली.

एका बाईने तुकडा तोंडात टाकला, दोनदा चावला आणि मग जरा जास्तच वेळ चावत राहिली. "रंग काय सुरेख आलाय हो आजी!"

"आणि डबे किती छान बांधलेत," तिच्याबरोबरची म्हणाली. "एक फेरी मारून येतो हं आम्ही."

फेरी मारून येतो म्हणून गेलेलं माणूस परत आल्याचं मालसुनने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. बाजारात ज्याचे केस पांढरे झाले त्याला हे शब्द बरोबर कळतात. माणूस रंगाचं कौतुक करायला लागला की समजावं, माल तोंडात फिरतोय. 'माशित्ता', छान आहे, असं कुणी पटकन आणि तोंडभर हसून म्हणालं तर ती नुसती रीत. तेच घास अजून तोंडात असताना, स्वतःशीच बोलल्यासारखं 'गोसोहे' आलं, म्हणजे खमंग आहे असं आलं, की डबा बांधायला घ्यावा. आणि खरं पसंत पडलेलं माणूस तर काहीच बोलत नाही, त्याचा हात आपसूक दुसऱ्या तुकड्याकडे जातो. गेले कित्येक महिने मालसुन या हाताकडे डोळे लावून जगत होती. तिला दुसरा आधारच नव्हता.

कारण तिची जीभ मेली होती. उन्हाळा सरता सरता ताप आला, तो उतरला आणि जाताना नाकाचा वास आणि तोंडाची चव घेऊन गेला. साखर खाल्ली काय, राख खाल्ली काय, सगळं सारखं. तिने कुणाला सांगितलं नाही. पाक बोटांत धरून तार बघायची, चकती तेलात फुगताना कान लावायचा, तुकडा मोडून आवाज ऐकायचा. हाताला सवय होती, चाललं. झाकली मूठ सव्वा लाखाची!

आज मात्र काय बिघडलं होतं ते तिला कळेना. तिने एक युग्वा मोडला. कडक आवाज आला, कुरकुरीतपणात खोट नव्हती. रंग दुधासारखा. मग काय? पाकात मीठ पडलं? आलं जास्त झालं? तिने तुकडा जिभेवर ठेवून डोळे मिटले, अगदी मनापासून विनवणी केल्यासारखे मिटले. जिभेला एवढंच कळलं की काहीतरी कडक आहे आणि ते आता विरघळतंय.

"काय झालं गं आई?" गीबोमने विचारलं.

हा तिचा मुलगा. शहरातून सकाळच्या पहिल्या गाडीने आलेला, सर्दीने नाक चोंदलेलं, तोंडाला मास्क, आणि डॉक्टरने गोड बंद केलेलं. डबे बांधायला मदत करतो म्हणत होता, पण त्याच्या मनात काय होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. सण झाला की दुकानाला कुलूप आणि आईला शहरात, त्याच्या दहाव्या मजल्यावर. दोघांचं यावरून शरदाच्या सणाला कडाक्याचं वाजलं होतं. शेवटी मालसुन म्हणाली होती, "जोवर माझे हात आणि जीभ धड आहे तोवर हे दुकान हलायचं नाही. ज्या दिवशी माल बिघडेल त्या दिवशी ने मला उचलून." आणि गीबोम म्हणाला होता, "ठरलं."

"काही नाही," ती म्हणाली. "कामं कर तुझी."

"मोठ्या घरच्या बाई कधी येणार?"

"येतील."

ग्वाक हे त्या मुलखातलं मोठं घर. त्यांच्या पितरांचं ताट मालसुनकडून जाई, आणि ते कुठून जातं हे बघून अर्धा तालुका आपला युग्वा घेई. त्या घरची थोरली सून आता साठीच्या पुढे गेली होती, तरी दर सणाआधी स्वतः यायची, परातीतला एक तुकडा खायची आणि मग सांगायची किती बांधायचं ते. शितावरून भाताची परीक्षा. आज त्यांनी पसंत केलं तर गीबोमचं तोंड आपोआप बंद होणार होतं. आणि नाही केलं तर?

मालसुनने परातीवर फडकं टाकलं. मग काढलं. फडकं टाकलं तर पोरगा विचारणार, का झाकतेस. नवा घाणा काढायचा तर पाक सुकायला वेळ कुठे होता! आणि बिघडलंय काय हेच माहीत नाही तर नव्यात ते बिघडणार नाही कशावरून? ती देवाला म्हणाली, आजचा दिवस निभाव रे बाबा, उद्याचं उद्या बघू.

तेवढ्यात समोरून खणखण आवाज आला. ओकदान आली होती.

ओकदान ही समोरची योतवाली. योत म्हणजे तांदळाच्या काकवीची दाताला चिकटणारी मिठाई, आणि ती विकणारे बोथट लोखंडी कात्री वाजवत बसतात. ओकदानचं दुकान नव्हतं, एक चटई, एक छत्री आणि ती कात्री. दोघींचं वैर जुनं. छत्रीचा दांडा कुणाच्या हद्दीत येतो यावरून पेटलेलं, आणि मग विझवायचं कुणालाच सुचलं नाही. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, तसं मालसुनच्या युग्वाला ओकदानने आयुष्यात बरं म्हटलं नव्हतं. तरी अलीकडे रोज सकाळी यायची, न विचारता एक तुकडा उचलायची, काहीतरी खवचट बोलायची आणि जायची. फुकटी मेली! मालसुन मनात म्हणे, पण सणासुदीला तिच्या तोंडी कोण लागणार.

आज तिला उशीर झाला होता. "खिंडीत बर्फ पडलंय, गाडी अडकली," ती कुणालातरी सांगत होती. चटई पसरली न पसरली तोच ती कात्री हातात घेऊन थेट इकडे आली आणि परातीत हात घातला.

"आलीस का?" मालसुन म्हणाली. "नाश्ता चुकला होता वाटतं आज."

ओकदानने तुकडा चावला आणि तिचं तोंड थांबलं. ती थुंकली नाही. उरलेला अर्धा तुकडा मुठीत धरून मालसुनकडे बघत उभी राहिली. मालसुनने ओळखलं. हिला कळलं! आता ही बाजारभर डंका पिटणार.

"काय?" मालसुनने विचारलं. 

"घाणा कधीचा?"

"आज पहाटेचा. का?"

ओकदान उत्तर देणार तोच गर्दीत जरा वाट झाली. करड्या रंगाचा लांब कोट, हातात पर्स, मागे गाडीचा ड्रायव्हर. मोठ्या घरच्या बाई आल्या.

"या बाईसाहेब, या." गीबोमने कमरेत वाकून नमस्कार केला. "आई, परात दे."

मालसुनने परात उचलली.  बाईंनी हातमोजा काढला, बोटं पुढे केली.

"दर वर्षी हिचंच!" ओकदान एकदम किंचाळली. "दर वर्षी हिच्याच दारात मोटार! आम्ही काय माती विकतो?" आणि परातीखालून असा फटका हाणला की परात गरगरत रस्त्यावर गेली. पांढरेशुभ्र युग्वा चिखलात पडले. जवळच्या टोपलीतले बांधायचे होते, तेही तिने लाथेने उलटवले.

सगळा बाजार एकदम बोलायला लागला.

"अहो मावशी, लाज आहे का थोडी?" गीबोमने तिचा दंड धरला. "सणाच्या तोंडावर पितरांचं अन्न चिखलात घालता?"

"घालते! काय करशील?"

"बाजार समितीच्या अध्यक्षांना बोलावतो. आत्ता. तुमची चटई उचलून फेकायला लावतो इथून."

"बोलवाच," मोठ्या घरच्या बाई कोटावरच्या लाह्या झटकत म्हणाल्या. संतापाने त्यांचा चेहरा ताठ झाला होता. "असल्या बाईला बाजारात बसू देता तरी कशाला? मी सांगते त्यांना."

गीबोमने फोन काढला. मालसुन खाली बसून तुकडे गोळा करत होती, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. ओकदान दंड सोडवून तिच्या शेजारी वाकली, जणू आणखी लाथाडायला, आणि तिच्या कानाशी पुटपुटली.

"तेल खवट आहे, मेल्ये. नवा डबा तापत्या जमिनीवर ठेवला होतास ना रात्रभर? रात्रभर कसला, महिनाभर असेल. तोंडात धरवत नाही."

 थंडीत तेल गोठू नये म्हणून डबा मालसुनने खरंच आतल्या खोलीत, खालून तापणाऱ्या जमिनीवर ठेवला होता, आणि तो आजच फोडला होता.

"तुला... तुला माहीत होतं? माझ्या तोंडाचं?"

"शरदाच्या सणाआधी मी तुला मिठात घोळवलेला योत दिला होता. तुझी मजा बघायला. तू खाल्लास आणि म्हणालीस, आज गोड जमलंय." ओकदानने नाक ओढलं. "तेव्हापासून झोप उडवलीस माझी. रोज सकाळी तुझं ते भिकार चाखायला येते. आज गाडी अडकली, नाहीतर हे परातीतच आलं नसतं. आता थोबाड बंद ठेव. रडायला लाग. मला शिव्या घाल."

"चटई जाईल तुझी."

"पलीकडच्या गल्लीत बसेन. माझं काय जातंय? तुझं दुकान तर राहील."

गीबोम फोनवर बोलत होता. "हो, योतवाली. नाही, वेडी नाही, मुद्दाम केलंय." आजूबाजूचे माना डोलवत होते, कुणी म्हणत होतं, मत्सर वाईट बाबा, कुणी म्हणत होतं, हिची जीभच काळी. ओकदान उभी राहिली आणि सगळ्यांकडे अशा ताठ मानेने बघायला लागली की तिच्यावर चार शब्द आणखी पडले.

गप्प बसणं किती सोपं होतं! मालसुनला फक्त ओंजळीत तोंड लपवून रडायचं होतं, आणि रडू तर येतच होतं. बाईंना दया आली असती. उद्यापर्यंत मुदत मिळाली असती, दुकान वाचलं असतं. एवढंच की समोरची चटई रिकामी झाली असती. मालसुन उठली.

"फोन ठेव, गीबोम."

"आई, तू मध्ये पडू नकोस."

"ठेव म्हणते ना!" ती एवढ्याने ओरडली की त्याने ठेवला. ती बाईंसमोर गेली आणि कमरेत वाकली, वाकलेलीच राहिली. "बाईसाहेब, माल खवट होता. तुम्ही तोंडात घातला असतात. हिने घालू दिला नाही. मला कळलं नाही, कारण मला चवच कळत नाही. ताप आल्यापासून. वास नाही, चव नाही. गेल्या सणाचं तुमचं ताटही मी अंदाजाने केलं होतं. हिने चाखलं होतं म्हणून ते बरं गेलं, हेही मला आत्ता कळतंय."

ओकदानने कपाळावर हात मारला. "मूर्ख बाई! अगं मी सगळं ओढून घेतलं होतं ना अंगावर!"

 बाईंनी हातमोजा परत चढवला. "आमच्या पितरांपुढे मला अंदाजाचं ठेवता येणार नाही, आजी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यांनी नमस्कार केला, आजवर कधी वाकल्या नव्हत्या इतक्या खाली वाकून. असा नमस्कार माणूस निरोप घेताना करतो. मग त्या गेल्या, आणि त्यांच्या मागोमाग गर्दीही पांगली.

गीबोम दुकानाच्या उंबऱ्यावर बसला. त्याने मास्क खाली ओढला.

"चल," मालसुन म्हणाली. "ठरलं होतं. कुलूप आत खिळ्याला आहे."

तो उठला नाही. "थंडीच्या सुरुवातीला तू कोबीची किमची मुरवून पाठवली होतीस," तो म्हणाला. "तेव्हाच मला कळलं होतं."

"काय कळलं होतं? तू तर म्हणालास, आई, झकास झालीय. सुनेनेही फोन करून सांगितलं."

"काय सांगणार होतो तुला?"

 सून, नातेवाईक, रंगाचं कौतुक करून गेलेल्या त्या बायका, सगळ्यांनी मालसुनला गोड शब्द दिले होते, आणि त्यावर ती महिनोनमहिने तरून गेल्याचं समजत होती. "कशी झाली होती ती किमची?" तिने विचारलं. "खरं सांग. मला नीट सांग."

गीबोमला ते शब्द जड गेले. पन्नाशीचा माणूस, आईसमोर तोंडातल्या तोंडात बोलायला लागला. "खारट. म्हणजे... कडूच झाली होती, इतकी खारट. आणि लसूण नव्हता. घालायचाच राहिला असणार. आम्ही पाण्यात धुऊन धुऊन खाल्ली." त्याचे डोळे भरले. "टाकवेना गं."

मालसुनला हसू फुटलं आणि त्याबरोबरच रडू. अशी ती उभी राहिली, धड हसत नाही, धड रडत नाही.

ओकदान तेवढ्यात आत शिरली होती. कढईवर वाकून तिने वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कुलूप लावायच्या आधी हे तरी ओता कुणीतरी. बाजाराला वास मारतोय. ए बाबा, तू उचल, नुसता बसलायस काय! आणि मालसुन, सांगून ठेवते, मी चाखणार असेन तर मला मस्का मारता येणार नाही. वाईट झालं तर वाईट म्हणेन, भर बाजारात म्हणेन, कात्री वाजवून म्हणेन."

गीबोमने आईकडे पाहिलं. कुलूप आणायला आत जायचं तर वाटेत कढई होती. त्याने कोट काढून खुंटीला अडकवला, अस्तन्या वर केल्या आणि कढईचा एक कान धरला. दुसरा ओकदानने धरला.

"म्हण," मालसुन म्हणाली. "ओरडून म्हण."