कोंबडीने टिपलेलं रंगून

ही गोष्ट एकोणीसशे एक्केचाळीस सालच्या भाद्रपदातली. साल मला पक्कं आठवतं, कारण त्याच साली मी माझ्या दिरासाठी परदेशातलं एक स्वस्त आणि बिनधोक शहर निवडून दिलं, आणि वर्ष सरायच्या आत त्या शहरावर बॉम्ब पडले.

तोवर मी पाहिलेलं सगळ्यात मोठं शहर म्हणजे कल्याण, तेही स्टेशनाच्या पुलावरून. पण आमच्या घरात चौथीपर्यंत शिकलेली मी एकटीच. वाण्याकडून पुडी बांधून आलेला कागद मी उलटासुलटा करून वाचायची आणि जगात काय चाललंय ते सासूला सांगायची. त्यामुळे जग मला ठाऊक आहे असा घरात समज झाला होता. तो मी कधी मोडला नाही. मला तो आवडत होता.

आमचं घर आटगाव स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. सासरे सावळाराम, सासू धोंडीबाई, यजमान, मी, म्हणजे राही, आणि धाकटा दीर गणू. गणू खर्डीला एका कच्छी शेटच्या लाकडाच्या वखारीत ओंडके मोजायचा. त्याचं लग्न माझ्या धाकट्या बहिणीशी, कमळशी, ठरलं होतं. माझं माहेर मुरबाडकडे, म्हसा गावाजवळ. एका घरात दोघी बहिणी नांदतील म्हणून सगळे खूश होते, मी सोडून. कमळ माझ्यापेक्षा गोरी होती.

तर त्या भाद्रपदात शेटनं गणूला बोलावून सांगितलं, की माझ्या भाऊबंदांच्या वखारी मोंबासाला आहेत, बसऱ्याला आहेत आणि रंगूनलाही आहेत. तिन्हीकडे माणूस हवा आहे. पगार सारखाच. तुला जिथे जायचं तिथे पाठवतो. सर्वपित्री अमावास्येपर्यंत सांग. माझे वडील विठू यांनी हे ऐकून निरोप धाडला, की जावई कुठेही जाऊ दे, पण वैशाखात लग्न करून पोरीला तिथेच नेणार असेल तर गाव बघून निवडा. म्हणजे गणू कुठे राहणार एवढाच प्रश्न नव्हता. माझी बहीण कुठे संसार करणार हाही होता.

सासऱ्यांनी ते काम माझ्यावर टाकलं. त्यांचं म्हणणं, शिकलेली आहेस, बहीणही तुझीच.

आमच्याकडे मुलगी द्यायच्या आधी बायका घर बघायला जातात. पुरुष ओट्यावर बसून बैल, जमीन, भाऊबंद विचारतात. बाई मात्र मागच्या दारी जाते, विहिरीत डोकावते आणि मग सहज केल्यासारखी कणगीत हात घालते. मूठभर तांदूळ काढायचे, दाताखाली धरायचे, आणि जेवायला बसल्यावर तोच भात पानात येतो का ते बघायचं. कणगीतला तांदूळ चांगला असेल तर घर चांगलं. माझ्या आईनं मला याच रीतीनं दिलं होतं आणि मी उपाशी मेले नव्हते. मी ठरवलं, शहरसुद्धा असंच बघायचं. शहर म्हणजे तरी काय, मोठं सासर.

मोंबासाची कणगी कुठून उघडायची? मुरबाडच्या बाजारात एक म्हातारा खलाशी विड्या विकायचा. यजमानांना मी त्याच्याकडे पाठवलं. त्यानं सांगितलं, की तिथली माणसं मक्याचं पीठ शिजवून खातात आणि गावाबाहेर सिंह असतात. सिंहाचं मी मनावर घेतलं नसतं, डोळखांबच्या रानात वाघ होतेच. पण मक्याचं पीठ ऐकल्यावर मोंबासा बाद. बसऱ्याला खजूर पिकतो, पाऊस नाही. जिथे पाऊस नाही तिथे भात नाही. बसराही बाद.

रंगूनचं मात्र मला विचारावं लागलं नाही. श्रावण-भाद्रपदात घरचा तांदूळ संपत आला की शहापूरच्या वाण्याकडे रंगूनी तांदूळ मिळायचा. जाडा, वासाचं नाव नाही, पण टोपात दुप्पट फुगणारा. तो घरच्यापेक्षा स्वस्त पडायचा. मी मनाशी हिशोब केला: इतका समुद्र ओलांडून, मुंबईला उतरून, गाडीत चढून जो तांदूळ आमच्या दारात इतका स्वस्त पडतो, तो स्वतःच्या माहेरी तर मातीमोल असणार. शिवाय तिथे पाऊस आहे, सागाचं रान आहे. म्हणजे रंगून हे आमचं शहापूरच, फक्त बोटीनं जायचं.

अमावास्येच्या आदल्या दिवशी मी सगळ्यांना अंगणात जमवलं. नुकतंच सारवलेलं होतं. मध्ये मी एक खडा ठेवला, ती मुंबई. पश्चिमेला मोंबासा म्हणून चिमूटभर नाचणी, तिच्याहून वर बसरा म्हणून खजुराची बी. पूर्वेला रंगून म्हणून रंगूनी तांदळाची मूठ. मी कुठल्याशा मास्तरणीसारखी काठी घेऊन उभी होते. आता ते आठवलं की एकटी असले तरी पदर तोंडाला लावते.

सासऱ्यांनी विचारलं, लढाई चालली आहे त्याचं काय? हा प्रश्न मला हवाच होता. पुडीच्या कागदांवरून मला ठाऊक होतं की लढाई जर्मनांशी आहे आणि जर्मन पश्चिमेला राहतात. मी काठीनं नाचणी आणि खजुराची बी दाखवली आणि म्हटलं, ही दोन्ही गावं लढाईच्या वाटेवर. मग काठी तांदळाकडे नेली. इकडे उगवती. इकडे कोण कशाला मरायला येईल?

एवढ्यात सासूबाईंची तांबडी कोंबडी आली. नाचणीकडे तिनं पाहिलं नाही, बी ओलांडली, थेट पूर्वेला गेली आणि आम्ही हाकलेपर्यंत अर्धं रंगून टिपून मोकळी झाली.

सासूबाईंनी अपशकुन झाल्यासारखा कपाळाला हात लावला. पण मी कसली घाबरते! मी म्हटलं, "बघा, कोंबडीलासुदिक कलतंय, दाना कुठं चांगला ते."

गणू हसला आणि रंगून ठरलं. कमळला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

दसरा झाल्यावर गणू कलकत्त्याच्या गाडीत बसला, तिथून बोटीनं रंगूनला. दिवाळीनंतर त्याचं खुशालीचं पत्र आलं आणि मग माझे पाय जमिनीवर राहीनात. पाणवठ्यावर बायका मला लेकींची स्थळं विचारू लागल्या. शेजारची हिरी तिच्या भाच्याला घेऊन आली, त्याला आफ्रिकेत जायचं होतं. मी त्याला अर्धा तास मोंबासाचे तोटे समजावले. पोरगं बिचारं मान हलवत ऐकत होतं.

पौषी पौर्णिमेला म्हसाची यात्रा भरते. बैल विकायला येतात आणि घोंगड्यांचे ढीग लागतात. त्या वर्षी मी माहेरी गेले होते. कमळनं पैसे साठवून एक काळी घोंगडी घेतली होती. ती मला दाखवत तिनं विचारलं, "ताय, तिकडं थंडी अस्ते का गो?"

मी अगदी ठामपणे सांगितलं, की पहाटे असते. मला काय ठाऊक होतं! तेवढ्यात मिठाईच्या पालापाशी गर्दी दिसली. मुंबईहून आलेला एक गिरणीवाला पेपर वाचून दाखवत होता. जपान्यांनी रंगूनवर विमानांतून बॉम्ब टाकले, माणसं शहर सोडून पळताहेत, हजारो मेली.

मी दोनदा विचारलं, कुठलं रंगून? जणू काही रंगून गावोगाव असतात.

त्यानंतर पत्र नाही. खर्डीच्या शेटलाही काही कळेना. त्याचेच लोक तिकडे अडकले होते. पाणवठ्यावर मला पाहून बायका बोलणं थांबवायच्या. हिरीचा भाचा मोंबासाला निघून गेला, जाताना पाया पडायला आला नाही. सासूबाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, तेच वाईट. फक्त रोज संध्याकाळी कोंबड्या टोपलीखाली डालताना त्या तांबडीकडे बघत उभ्या राहायच्या. रंगूनी तांदूळही बाजारातून गेला. वाणी म्हणायचा, आता विसरा.

चैत्रात माझ्या वडिलांचा धीर सुटला. किन्हवलीकडचं एक स्थळ चालून आलं होतं. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, गणूची काही खबर आली नाही तर कमळ तिकडे द्यायची, असं त्यांनी ठरवलं. ते कळल्यावर मी माहेरी धावले. कमळ मागच्या दारी भांडी घासत होती. घोंगडी दोरीवर उन्हाला टाकलेली होती. तिनं माझ्याकडे न बघता विचारलं.

"गाव तू निवडलंस ना ताय? मंग आता तूच सांग. थांबू का नको?"

कणगीत हात घालायला या वेळी कणगी नव्हती. बाप पोरीच्या भल्याचंच बघत होता, आणि किन्हवलीचं घर मला ठाऊक होतं. तिथला भात बासमतीसारखा लांब. माझ्या रीतीनं बघितलं तर जा म्हणायला हवं होतं.

मी म्हटलं, "थांब."

"कशावरनं?"

"कशावरनं नाय. थांब, येवढंच सांगतंय."

कमळ थांबली. तिनं बापाला सांगितलं, की आखाजी गेली तरी मी बोहल्यावर उभी राहणार नाही. बाप संतापला आणि त्यानं मला घराबाहेर काढलं, कारण शहाणपण शिकवणारी मीच होते. हे मात्र त्याचं बरोबर होतं.

आखाजी उलटून गेली. आम्ही शेतात राब भाजत होतो. रोप टाकायच्या जागेवर पाला-कवळं पसरून जाळायचं, त्याचा धूर सगळीकडे कोंडला होता. त्या धुरातून स्टेशनाकडून एक माणूस येताना दिसला. दाढी, हाडं आणि खांद्यावर एक मळकं गाठोडं. भिकारी समजून मी त्याला म्हटलं, घरी जा बाबा, म्हातारी भाकर देईल. तो खरंच घरी गेला. सासूबाईंचा हंबरडा ऐकू आला तेव्हा मला कळलं मी कुणाला भाकरीला पाठवलं ते.

मी धावत आले, पण पुढच्या दारानं जायचा धीर होईना. चुलीपाशी जाऊन बसले. ओट्यावर गाव जमलं होतं. थोड्या वेळानं गणूनं आतल्या बाजूला तोंड करून हाक मारली.

"वयनी, तांदूल मात्र खराच स्वस्त होता."

तो पुढे म्हणाला, "शेवटाला तर फुकट. गोदामं उघडी टाकून मालक पलाले. ज्याला पायजे त्यानं न्यावा."

मग त्यानं सांगितलं. पळणाऱ्या माणसांनी दागिने, भांडी, शिवणयंत्रं घेतली होती. ह्यानं धोतर फाडून पिशवी शिवली आणि गोदामातला तांदूळ भरून घेतला. डोंगर चढताना लोकांनी एकेक वस्तू टाकत नेली. ह्यानं पिशवी सोडली नाही. संध्याकाळी मूठ-मूठ शिजवायचा, बरोबरच्यांना द्यायचा, ते त्याला आळीपाळीनं धरून चालवायचे. ताप भरला तेव्हाही त्यांनी त्याला टाकलं नाही, कारण पिशवी त्याच्याकडे होती. समुद्राला लागून बोट मिळेपर्यंत ती पुरली, वर थोडी उरलीही.

तो आत चुलीपाशी आला आणि गाठोडं सोडून त्यानं तळाचा उरलेला तांदूळ माझ्यासमोर ओतला. जाडा, वासाचं नाव नाही. मला एवढं पुरे होतं. मी लगेच मान वर करून म्हटलं, "मी नव्हतं सांगितलं?"

सासूबाईंनी तेवढ्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्यापुढे तोंड उघडलं. "राहे," त्या म्हणाल्या, "तू आता गप रहा."

लग्न त्याच वैशाखात झालं. कुठे राहायचं ते कमळनं ठरवलं. खर्डीची वखार, चालत जायच्या अंतरावर विहीर, आणि गाडीनं दोन स्टेशनांवर मी. गणूनं तिथेच ओंडके मोजत जन्म काढला; चार पोरं झाली. परदेश म्हटलं की तो घोंगडी ओढून झोपायचा. ती काळी घोंगडी त्याच्याबरोबरच गेली. कमळ अजून आहे. ऐकू कमी येतं, आणि मी काही सुचवलं की नेमकं तेच ऐकू येत नाही.

माझ्या वडिलांनी मला पुढच्या म्हसाच्या यात्रेत पुन्हा घरात घेतलं. सासरे स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी गेले, रेशनच्या मिलोच्या, त्या परदेशी तांबड्या जोंधळ्याच्या, भाकरीला नावं ठेवत. शेट सगळं आवरून मोंबासाला गेला आणि तिथे म्हणे त्याची तीन मजली इमारत झाली. हिरीचा भाचाही तिकडेच राहिला, मक्याचं पीठ खाऊन जाडा झाला. तांबडी कोंबडी सासूबाईंनी कापू दिली नाही. पाहुणे आले, जावई आले, पण ती म्हातारपणानंच मेली. सासूबाई पुढे पुष्कळ जगल्या. घरात काही ठरवायचं झालं की त्या आधी अंगणात मूठभर दाणे टाकायच्या, आणि मला आत पाठवायच्या.

आणि मी आटगावातच आहे.