तीन उन्हांची बाग

कुणी विश्वास ठेवला असता तर शपथ! वर्षभर मी भिंतीवरून ओरडत होते, "माळीणबाईंचा काही दोष नाही!" पण तसबिरीचं ऐकतंय कोण?

होय, मी तसबीर बोलतेय, बागेची. मधोमध हौद, हौदात कमळं, काठाला नर्गिस, मागे शेवंतीचा ताटवा. सगळं एकदम फुललेलं.

मला काढणाऱ्याला घरात कासवराव म्हणत. हा इतका बिलंदर, की माझ्या कोपऱ्यात सहीसुद्धा त्याच नावाची ठोकली. फूल उमललं की मला काखोटीला मारून बागेत यायचा. ते सुकलं की कुंचले धुऊन गायब! अख्खं वर्ष घेतलं बाबानं.

बायको म्हणायची, "अहो, एवढं सगळं एका वेळी फुलतं का कुठे?"

"फुलत नाही, म्हणून तर काढतोय."

मग तीही हसायची आणि त्याच्या बाहीचा रंग पुसत बसायची.

दोघं गेली. घराचं संग्रहालय झालं. माझ्या शेजारी आणखी बागा येऊन टांगल्या. सगळ्यांत थोरलीत पाण्याचे चार पाट, घारीला वरून दिसावेत तसे, आणि झाडं मात्र चारी दिशांना आडवी निजवलेली. दुसरी कातरून सरळ केलेली. धनी खूश व्हावा म्हणून कालची रोपंही पुरुषभर उंच काढलेली. तिसरीत धुकं आणि मुद्दाम पाडलेली भिंत. खरी एकही नाही, पण तोरा बघावा एकेकीचा! मीही त्यातलीच, कशाला लपवू?

संग्रहालयाचे नवे साहेब आले आणि मला बघून भाळले. मागच्या बागेत सोळा वर्षं राबणाऱ्या माळीणबाईंना म्हणाले, "वर्षभरात हुबेहूब अशी बाग हवी. नाहीतर दुसरा माणूस बघतो."

"साहेब, नर्गिस थंडीची, कमळ उन्हाळ्याचं. त्यांची गाठ कशी घालू?"

"चित्रात आहे ना? तुम्हाला जमत नाही म्हणा."

बाईंनी जीव काढला. नर्गिस फुलली तेव्हा शेवंतीचे नुसते खुंट. कमळं आली तोवर नर्गिस मातीत. रोज पाय पुसून माझ्यासमोर यायच्या. "तू तरी सांग गं बाई!" सांगतच होते की मी!

शेवटच्या आठवड्यात चित्रं साफ करणाऱ्या ताई आल्या. कापसाच्या बोळ्यानं माझं जुनं पिवळं रोगण पुसलं. फुलांखालची जमीन उजळली. अवजारांच्या खोलीची किल्ली परत करायला आलेल्या माळीणबाई थबकल्या.

"ताई, सावल्या बघा! नर्गिसची केवढी लांब. थंडीत सूर्य खाली असतो ना! आणि कमळाची पार देठाशी गोळा झालेली. हा भर उन्हाळा. शेवंतीचं ऊन तिसरंच. एका बागेत तीन उन्हं?"

ताईंनी भिंग लावलं आणि साहेबांना हाक मारली. साहेबांनी चष्मा घातला, काढला, पुन्हा घातला.

"म्हणजे बाग अशी कधी नव्हतीच?"

"होती की. एकेक करून," माळीणबाई म्हणाल्या.

साहेबांचे कान लाल झाले. "किल्ली... तुमच्याकडेच राहू द्या."

माझं एवढंच मागणं आहे, लोकहो. आमच्याकडे बघून हरखा, पण आमच्यापायी राबणाऱ्या हातांना बोल लावू नका. आता कुणी विचारलं, "बाग चित्रासारखी का नाही हो?" तर माळीणबाई मातीचं बोट माझ्या कोपऱ्यातल्या सहीकडे नेतात आणि लाडानं म्हणतात, "सगळं ह्यांनी केलंय. कासवराव!"